बार्सिलोनाचे चौक कोणाचे?

सन २०२४ च्या जुलै महिन्याच्या ६ तारखेस बार्सिलोना शहरात एक मोर्चा निघाला. पोलिसांच्या अंदाजानुसार त्यात सुमारे २८०० माणसे होती. सोळा-सतरा लाख लोकवस्तीच्या शहरात हा आकडा काही फार मोठा नव्हे. परंतु मोर्चातील काहींनी रस्त्याकाठच्या उपाहारगृहांत बसलेल्या परदेशी प्रवाशांवर मुलांच्या खेळण्यातील पिचकाऱ्यांनी पाणी उडविले आणि ती छायाचित्रे जगभरच्या वृत्तपत्रांत झळकली. घरी आलेल्या पाहुण्याला आधी पाणी विचारण्याची रीत असलेल्या समाजाला पाहुण्यावर पाणी फेकण्याची ही रीत असभ्य वाटली असल्यास नवल नाही. पण मोर्चेकऱ्यांचा रोष प्रवाशांवर दिसत असला तरी त्याच्या मुळाशी घरभाडे होते. शहराचे महापौर जाउमे कोलबोनी यांनी त्याआधी पंधराच दिवस एक घोषणा केली होती. प्रवाशांना अल्पमुदतीने भाड्याने देण्याचा परवाना असलेली शहरातील १०,१०१ घरे नोव्हेंबर २०२८ नंतर या व्यवसायातून बाद होतील. परवान्यांचे नूतनीकरण होणार नाही. महापौरांनीच त्या वेळी दिलेल्या आकड्यांनुसार दहा वर्षांत शहरातील घरभाडी ६८ टक्क्यांनी आणि घरांच्या किमती ३८ टक्क्यांनी वाढल्या होत्या.

ज्या शहराने चार-साडेचार दशके आपले चौक, बागा आणि पदपथ सुधारून जगात नाव मिळविले, त्या शहराच्या रहिवाशांनाच या सुधारणेची झळ का लागावी? हे कोडे केवळ बार्सिलोनाचे नाही. परंतु तेथे ते इतक्या उघडपणे रस्त्यावर मांडलेले दिसते की, पायी हिंडणाऱ्या माणसाला ते वाचता यावे.

प्रथम भूगोल पाहावा. शहराचे क्षेत्रफळ जेमतेम १०० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई महापालिकेच्या हद्दीच्या एक चतुर्थांशाहूनही कमी. पाठीशी कोल्सेरोलाची टेकड्यांची रांग, समोर भूमध्य समुद्र, दोन्ही अंगांना ल्योब्रेगात आणि बेसोस या नद्या. शहराला वाढायला जागा नाही. जमिनीचा पुरवठा स्थिर आणि मागणी वाढती असली म्हणजे मधला लाभ कोणाच्या खिशात जातो, हे रिकार्डोने १८१७ मध्येच सांगून ठेवले आहे. बार्सिलोनात आडवेतिडवे चालता येते, अंतरे लहान आहेत, एका चौकातून निघालेला माणूस दहा मिनिटांत दुसऱ्या चौकात पोहोचतो, याचे प्रवासी कौतुक करतात. हा दाटीचा गुण आहे, आणि तेथील भाडेही त्याच दाटीचे अपत्य आहे.

दीडशे वर्षांपूर्वी ही दाटी असह्य होती. १८५४ पर्यंत शहर तटबंदीच्या आत कोंडलेले होते. तटाबाहेरच्या मैदानात तोफेच्या माऱ्याच्या टप्प्यापर्यंत बांधकामास लष्करी मनाई होती. आत कापडाच्या गिरण्या, वाफेची यंत्रे, एकावर एक चढविलेले मजले आणि पटकीच्या साथी. लोकांनी वर्षानुवर्षे मागणी केल्यावर १८५४ मध्ये तट पाडण्यास प्रारंभ झाला. (मुंबईच्या कोटाच्या भिंती पाडण्याचे काम त्यानंतर दहा वर्षांच्या आत, बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत झाले, ही गोष्ट सहज नोंदवून ठेवण्याजोगी आहे.) मोकळ्या झालेल्या मैदानावर नवे शहर कसे वसवावे याचा आराखडा ज्याने केला तो इल्देफोन्स सेर्दा हा पेशाने स्थापत्य अभियंता, परंतु त्याचे खरे वेगळेपण असे की, नकाशा आखण्यापूर्वी त्याने हिशेब मांडला. १८५६ मध्ये त्याने शहरातील कामगारवर्गाची सांख्यिकीय पाहणी केली. मजुराची मिळकत किती, त्यातले घरभाड्यावर किती जाते, अन्नावर किती, त्याच्या वाट्याला हवा आणि जागा किती येते, याची कोष्टके त्याने तयार केली. नगररचनेच्या शास्त्राचा आरंभ सौंदर्यदृष्टीतून झाला असे मानणाऱ्यांनी ही कोष्टके लक्षात ठेवावीत.

सेर्दाचा आराखडा १८५९ मध्ये माद्रिदच्या सरकारने मंजूर केला. स्थानिक नगरपालिकेची पसंती आंतोनी रोविरा इ त्रियास याच्या आराखड्याला होती. त्यामुळे सेर्दाची योजना ही माद्रिदने लादलेली, अशी कातालान लोकांची दीर्घकाळ तक्रार राहिली. योजना वरून पाहिल्यास रूक्ष वाटते: ११३ मीटर बाजूचे एकसारखे चौरस, २० मीटर रुंदीचे रस्ते. परंतु या रस्त्याची निम्मी रुंदी, दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटर, पादचाऱ्यांसाठी राखलेली होती, आणि हे मोटारगाडी जन्माला येण्यापूर्वी! प्रत्येक चौरसाचे चारही कोपरे तिरपे छाटलेले. वाफेच्या गाड्या रस्त्यांवरून धावू लागतील आणि त्यांना वळायला जागा लागेल, असा सेर्दाचा कयास होता. तशा गाड्या आल्या नाहीत. पण या छाटलेल्या कोपऱ्यांमुळे प्रत्येक नाक्यावर एक लहानसा अष्टकोनी चौक आपोआप तयार झाला. आज एइशाम्पला, म्हणजे 'विस्तार', या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या भागातून चालताना जो मोकळेपणा जाणवतो तो पुष्कळसा या कोपऱ्यांचा आहे.

मात्र योजनेचा आत्मा वेगळाच होता आणि तो आज दिसत नाही. सेर्दाच्या कल्पनेत प्रत्येक चौरसाच्या दोनच बाजूंना इमारती व्हावयाच्या होत्या, उंची १६ मीटरपेक्षा अधिक नाही, आणि मध्ये बाग. ठरावीक संख्येच्या चौरसांमागे शाळा, बाजार, इस्पितळ यांच्या जागाही त्याने नेमून दिल्या होत्या. पुढे घडले ते असे: जमीनमालकांनी आधी उरलेल्या बाजू बांधल्या, मग मजले चढविले, शेवटी पोटातील बागेची जागाही कारखाने, गोदामे आणि दुकाने यांनी भरून काढली. रस्ते मात्र जसेच्या तसे राहिले. एकाच नकाशातील एक अर्धा भाग टिकला आणि दुसरा नाहीसा झाला, याचे कारण नकाशात शोधून सापडत नाही. रस्त्यांची जमीन सार्वजनिक मालकीची झाली होती. बागांची जमीन खासगी राहिली होती. जमिनीचा भाव चढू लागला तेव्हा खासगी जमिनीवरील गवताला कोणी वाली उरला नाही. सेर्दा स्वतः १८७६ मध्ये हलाखीत मरण पावला.

जुन्या शहरातील चौकांचा इतिहास याहून निराळा आहे. ला राम्ब्ला या प्रसिद्ध हमरस्त्याच्या बाजूला असलेला प्लासा रेआल हा कमानींचा देखणा चौक एका कापुसिन मठाच्या जागेवर उभा आहे, तर पलीकडची बोकेरिया ही मंडई दुसऱ्या एका मठाच्या. १८३५ मध्ये मठ जाळले गेले, पुढल्या वर्षी सरकारने धर्मसंस्थांची मालमत्ता जप्त केली आणि गर्दीने गुदमरलेल्या शहराला एकाएकी मोकळी जागा मिळाली. सिउतादेला ही विस्तीर्ण बाग तर किल्ल्याच्या जागेवर आहे. ११ सप्टेंबर १७१४ रोजी शहर शरण आल्यावर पाचव्या फिलिपने ते दाबात ठेवण्यासाठी एक वस्तीच पाडून हा किल्ला बांधला. १८६९ मध्ये तो शहराच्या हवाली झाला आणि १८८८ चे जागतिक प्रदर्शन त्याच भूमीवर भरले. पराभवाचा तो दिवस कातालोनिया आजही राष्ट्रीय दिन म्हणून पाळते. सांत फेलिप नेरी या चिमुकल्या चौकाचे स्वरूप ३० जानेवारी १९३८ च्या बाँबवर्षावाने ठरविले. त्या दिवशी तेथे ४२ माणसे मेली, त्यांत बहुतेक मुले होती. चर्चच्या दर्शनी भिंतीवरचे खळगे बुजविलेले नाहीत. शाळेची मुले आजही त्या भिंतीसमोर खेळतात.

या यादीतून एक गोष्ट सरळ निघते. या शहराला मोकळी जागा बाजारभावाने विकत घेऊन क्वचितच मिळाली. ती मिळाली क्रांतीतून, जप्तीतून, युद्धातून, नाहीतर दिवाळखोरीतून. दिवाळखोरीचे उदाहरण सर्वांत रंजक आहे. युसेबी ग्वेल या गिरणीमालकाने १९०० मध्ये शहराबाहेरच्या टेकडीवर धनिकांसाठी ६० भूखंडांची वसाहत काढावयाचे ठरविले आणि तिचे काम अंतोनी गाउदी या वास्तुशिल्पज्ञाकडे सोपविले. गाउदीने नागमोडी बाके, तिरपे खांब, फुटक्या फरशांची नक्षी, पावसाचे पाणी साठविणारी टाकी, सर्व काही केले. भूखंड मात्र खपले नाहीत. १९१४ पर्यंत अवघी दोन घरे उभी राहिली होती. धंदा बुडाला, पुढे महापालिकेने ती जमीन घेतली आणि १९२६ मध्ये पार्क ग्वेल ही सार्वजनिक बाग झाली. बाजारात ज्या जागेला गिऱ्हाईक मिळाले नाही ती जागा पाहण्यास आज जगातून माणसे येतात. इतकी येतात की, ऑक्टोबर २०१३ पासून बागेच्या मुख्य भागाला तिकीट लावावे लागले. स्थानिक रहिवाशांना नोंदणी करून विनामूल्य प्रवेश मिळतो. फसलेला खासगी माल, मग सार्वजनिक वस्तू, मग पुन्हा फाटकावर मोजून दिलेला माल, असा हा शंभर वर्षांचा प्रवास अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक शिकवून जाईल.

गाउदीच्या इतर वास्तूंविषयी येथे विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. त्यांची वर्णने विपुल आहेत. पासेच द ग्रासिया या राजरस्त्यावरची त्याची दोन घरे कापड आणि वसाहतींचा व्यापार यांतून साठलेल्या पैशाची आहेत, एवढे नमूद केले म्हणजे पुरे. एक गमतीची गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. त्यांपैकी कासा मिला या इमारतीचा एक खांब पदपथावर आला आणि बांधकामही मंजूर मर्यादेपलीकडे गेले. शेवटी महापालिकेने ती वास्तू स्मारकाच्या योग्यतेची ठरवून नियमांतून सूट दिली. साग्रादा फामिलिया या मंदिराचे काम १८८२ मध्ये सुरू झाले, त्याचा रीतसर बांधकाम परवाना २०१९ मध्ये निघाला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच्या मधल्या मनोऱ्याने जर्मनीतील उल्म येथील चर्चला मागे टाकून जगातील सर्वांत उंच चर्चचा मान मिळविला. अनधिकृत बांधकामे नियमित करून घेणाऱ्या आपल्याकडील मंडळींच्या हाती हे दाखले अद्याप लागलेले नसावेत.

खरा महत्त्वाचा अध्याय १९७५ नंतरचा आहे. फ्रँकोच्या राजवटीत शहराची वस्ती बेसुमार वाढली, उपनगरांत गगनचुंबी चाळी उभ्या राहिल्या, मोकळ्या जागांवर इमले चढले. राजकीय पक्षांना बंदी असल्याने विरोधाचे काम मोहल्ल्यामोहल्ल्यांतील रहिवासी संघांनी केले. त्यांच्या मागण्या साध्या होत्या: नळ, दिवे, शाळा, एखादी बाग. सान्त्स या कामगारवस्तीत 'ला एस्पान्या इंदुस्त्रियाल' या नावाची मोठी कापडगिरणी होती. कंपनीची स्थापना १८४७ ची. गिरणी शहराबाहेर हलली तेव्हा रिकाम्या जागेवर इमारती बांधण्याचा बेत होता. सान्त्सच्या रहिवाशांनी ती जागा आपल्याला हवी, असा हट्ट धरला आणि तो वर्षानुवर्षे सोडला नाही. १९७६ च्या महानगर आराखड्याने बागांसाठी व सार्वजनिक सोयींसाठी जमिनी राखून ठेवण्याचा कायदेशीर आधार दिला. १९७९ मध्ये पहिल्या लोकनियुक्त महापालिकेने त्या आधारावर जमिनी ताब्यात घेण्याचा सपाटा लावला. १९८५ मध्ये गिरणीच्या जागी बाग झाली. तिची रचना लुइस पेन्या गांचेगी यांनी केली. एका बाजूस तळे, त्याकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, वर दीपगृहांसारखे दहा मनोरे, आणि गिरणीच्या वेळचे काही जुने वृक्ष. ही बाग सर्वांना आवडते असे नाही. मनोऱ्यांवर तेव्हाही टीका झाली. परंतु ती कोणाच्या हट्टाने झाली हे सान्त्समधील वृद्धांना ठाऊक आहे.

त्या काळी नगररचना विभागाची सूत्रे ओरिओल बोहिगास यांच्याकडे होती. आधी बृहत् आराखडा आणि मग काम, हा क्रम त्यांनी उलटा केला. पैसा अपुरा होता, तेव्हा लहान कामे घ्यावीत, एकेक चौक, एकेक नाका, एकेक अंगण दुरुस्त करावे, आणि ती शहराच्या मध्यभागाइतकीच गरीब उपनगरांतही करावीत, हे त्यांचे धोरण. जुन्या कत्तलखान्याच्या जागी बाग झाली आणि तेथे १९८३ मध्ये जुआन मिरो यांचे २२ मीटर उंचीचे शिल्प उभे राहिले. ग्रासिया या १८९७ पर्यंत स्वतंत्र असलेल्या गावाचे छोटे चौक मोटारींच्या तावडीतून सोडविले गेले. सान्त्स स्थानकासमोरचा १९८३ मधील चौक इतका दगडी आणि उघडाबोडका झाला की, 'कठीण चौक' असा शब्दच रूढ झाला. भर उन्हाळ्यात तेथून जाणाऱ्याला टीकाकारांचे म्हणणे पटते. पण अशा काही फसगती सोडल्या तर मोकळी जागा हा श्रीमंतांचा अलंकार नसून गरिबांच्या लहान घराचा विस्तार आहे, ही दृष्टी त्यामागे होती. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्याला चौक हाच दिवाणखाना.

या ठिकाणी मुंबईची आठवण अपरिहार्य आहे. मुंबईतही कापडगिरण्या होत्या, आणि त्यांच्या जमिनी शहराच्या ऐन गाभ्यात होत्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर, म्हणजे सान्त्सची बाग बांधली जात होती त्याच सुमारास, गिरण्यांचे भवितव्य अंधारले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरणीच्या जमिनीची वाटणी ठरविली: साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. हा नियम सान्त्सच्या हट्टाइतका कडवा नसला तरी न्याय्य होता. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने सर्व गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार व्हावा असे सुचविले. त्याचे पुढे काही झाले नाही. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त जी जमीन बांधकामाविना रिकामी असेल तिचीच व्हावी असे ठरले. गिरणीच्या आवारात रिकामी जमीन ती किती असणार? २००६ च्या मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली आणि गिरणगावाच्या वाट्याला बागांऐवजी काचेचे मनोरे आले. बार्सिलोनातही खासगी मालक होते, न्यायालये होती, तोट्यात गेलेली महापालिका होती. फरक कायद्याच्या अक्षरापेक्षा तो राबविणाऱ्यांच्या निर्धारात होता.

परंतु सान्त्सची गोष्ट येथेच संपविणे म्हणजे अर्धे सांगणे होईल. १९९२ च्या ऑलिंपिक सामन्यांनी शहराचे तोंड समुद्राकडे वळविले. रेल्वेमार्ग आणि कारखाने यांनी अडवून ठेवलेला किनारा मोकळा झाला, वाळूचे किनारे तयार झाले, आणि १९९९ मध्ये ब्रिटनच्या वास्तुशिल्पज्ञांच्या राजसंस्थेने आपले सुवर्णपदक प्रथमच एखाद्या व्यक्तीला न देता शहराला, बार्सिलोनाला, दिले. कीर्ती झाली, स्वस्त विमाने आली, प्रवासी आले. आता वर्षाकाठी एक कोटीहून अधिक लोक मुक्कामास येतात. ते सर्व त्याच चौकांत बसतात, त्याच पदपथांवरून चालतात.

सार्वजनिक वस्तूचे लक्षण असे सांगतात की, एकाने तिचा उपभोग घेतल्याने दुसऱ्याचा वाटा कमी होत नाही. चांदणे किती जणांनी पाहिले यावर ते उणे होत नाही. चौकाचे तसे नाही. काही मर्यादेपर्यंत माणसे वाढली की चौक रंगतो. त्यानंतर तो तुंबतो. हे झाले गर्दीचे. याहून सूक्ष्म परिणाम जमिनीवर होतो. समोर बाग झाली की, बागेकडे तोंड असलेल्या घराचे भाडे वाढते. बागेचा खर्च करदात्यांचा, वाढीव भाडे मालकाचे. ज्यांनी बागेसाठी मोर्चे काढले त्यांचे घर स्वतःच्या मालकीचे असेल तर ठीक. भाडेकरू असतील तर त्यांनी मागून मिळविलेली बाग त्यांच्याच विरुद्ध घरमालकाच्या हाती दिलेले शस्त्र ठरते. त्यात घर महिन्याच्या भाड्याऐवजी रात्रीच्या भाड्याने देता येऊ लागले की, शिक्षक किंवा कारकून याची स्पर्धा शेजारच्या शिक्षकाशी न राहता सुटीवर आलेल्या परदेशी माणसाशी होते, आणि सुटीवरचा माणूस एका रात्रीसाठी जे मोजतो ते महिनाभर मोजणे नोकरदाराला शक्य नसते.

महापालिकेला हे उमगलेले नाही असे नव्हे. आदा कोलाऊ, ज्या घरांच्या जप्तीविरुद्धच्या चळवळीतून पुढे आल्या, त्या २०१५ ते २०२३ या काळात महापौर होत्या. त्यांच्या कारकिर्दीत २०१७ मध्ये शहराच्या मध्यभागी नव्या हॉटेलांना आळा घालण्यात आला. २०१६ पासून काही चौरस एकत्र करून आतील रस्त्यांवरून मोटारींची ये-जा कमी करण्याची 'महाचौरस' योजना अमलात आली. २०२३ मध्ये एइशाम्पलातील कोन्सेल द सेंत हा रस्ता झाडे, बाके आणि चार नवे चौक यांसह पादचाऱ्यांच्या हवाली झाला. सेर्दाने चौरसांच्या पोटात ठेवलेली आणि मालकांनी गिळलेली बाग दीडशे वर्षांनी रस्त्यावर परत आली, असे त्याचे वर्णन करता येईल. योजना नेत्रसुखद आहे आणि वाहनांच्या धुरापासून सुटका हा लाभही खरा. पण त्याच वर्षी खालच्या न्यायालयाने मंजुरीची प्रक्रिया सदोष ठरविली, प्रकरण अपिलात गेले, आणि या रस्त्यालगत केवळ उपाहारगृहेच उरू नयेत म्हणून नव्या परवान्यांवर निर्बंध घालावे लागले. कोलाऊ यांच्या विरोधकांनी मोटारींचा प्रश्न मोठा केला. त्यांच्या समर्थकांनी झाडांचा. घरभाड्याचा प्रश्न दोघांच्याही भाषणांत मागल्या बाकावर बसला, हे खेदकारक होते.

उपाय म्हणून आजवर जे केले गेले ते तीन प्रकारचे आहे. पहिला फाटकाचा: पार्क ग्वेलप्रमाणे तिकीट. गर्दीवर त्याचा उपयोग होतो, परंतु प्रत्येक चौकाला फाटक लावता येत नाही आणि लावूही नये. दुसरा कराचा: मुक्कामी प्रवाशावर महापालिकेचा अधिभार ऑक्टोबर २०२४ पासून प्रतिरात्री ४ युरो झाला. या पैशाने रस्ते झाडता येतील, भाडे उतरणार नाही. तिसरा, लपविण्याचा, हा मौजेचा आहे. पार्क ग्वेलकडे जाणाऱ्या ११६ क्रमांकाच्या छोट्या बसमध्ये प्रवाशांच्या गर्दीमुळे वस्तीतील वृद्धांना जागा मिळेना, तेव्हा महापालिकेच्या विनंतीवरून २०२४ मध्ये तो मार्ग गूगलच्या नकाशावरून काढून टाकण्यात आला. म्हाताऱ्यांना पुन्हा बसायला मिळू लागले. सार्वजनिक सेवा जगापासून लपवून ठेवणे हे धोरण म्हणून कितपत टिकेल हे सांगण्याची आवश्यकता नाही. पण त्या एका बसपुरते ते यशस्वी झाले, हेही खरे.

भाड्यावर थेट हात घालण्याचा यत्न कायद्याच्या कचाट्यात सापडत राहिला. कातालोनियाने २०२० मध्ये भाडेमर्यादेचा कायदा केला. तो प्रांताच्या अधिकारात बसत नाही म्हणून २०२२ मध्ये घटनात्मक न्यायालयाने त्यातील मुख्य तरतुदी रद्द केल्या. २०२३ मध्ये स्पेनच्या संसदेने गृहनिर्माणाचा कायदा केला आणि २०२४ च्या मार्चपासून त्याच्या आधारे बार्सिलोनात मर्यादा पुन्हा लागू झाली. भाडेनियंत्रणाने पुरवठा आटतो हा आक्षेप मुंबईकराला नव्याने सांगावयास नको. १९४७ च्या भाडेकायद्याच्या छायेत मोडकळीस आलेल्या चाळी त्याने पाहिल्या आहेत. बार्सिलोनातही घरमालक वर्षभराच्या कराराऐवजी काही महिन्यांचे, मर्यादेबाहेरचे करार करू लागले, अशी तक्रार लगेच सुरू झाली. म्हणून मर्यादा एकटी पुरत नाही. तिच्यामागे सार्वजनिक मालकीची भाडेघरे पुरेशा संख्येने असावी लागतात. व्हिएन्नामध्ये सुमारे निम्मे रहिवासी नगरपालिकेच्या किंवा मर्यादित नफ्याच्या संस्थांच्या घरांत राहतात. तेथे बाग झाल्याने निर्माण होणारे वाढीव मूल्य पुष्कळसे लोकांकडेच राहते. स्पेनने मात्र फ्रँकोच्या काळापासून सरकारी साहाय्याने घरे बांधली ती बहुतांशी विकून टाकण्यासाठी. मुदत संपल्यावर ती बाजारात गेली. परिणामी सार्वजनिक भाडेघरांचे तेथील प्रमाण पश्चिम युरोपात तळाशी आहे. बागांसाठी जमिनी राखून ठेवण्यात जे द्रष्टेपण १९७९ च्या महापालिकेने दाखविले, ते घरांच्या बाबतीत दाखविले गेले नाही. सान्त्सच्या गिरणीची जमीन लोकांची झाली. तिच्या चहूबाजूंच्या घरांचा विचार कोणी केला नाही.

१०,१०१ परवाने रद्द करण्याच्या निर्णयाचे मोल या पार्श्वभूमीवर ठरविले पाहिजे. शहरातील एकूण घरांच्या मानाने ही संख्या अल्प आहे, त्यामुळे भाडी एकदम खाली येतील असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. आणि ही सर्व घरे रहिवाशांनाच भाड्याने दिली जातील याचीही हमी नाही. हॉटेलमालकांना या निर्णयाने दुःख होण्याचे कारण नाही, हेही ध्यानात घ्यावे. परवानाधारकांचे म्हणणे असे की, कायद्याने दिलेला व्यवसाय भरपाईवाचून काढून घेणे ही जप्तीच होय. त्यांच्यापैकी पुष्कळांनी कर्ज काढून घरे घेतली आहेत, आणि प्रवाशांवर पोट असणाऱ्या झाडूवाल्या, खानसामे, टॅक्सीवाले यांची संख्याही लहान नाही. या युक्तिवादात तथ्य आहे. पण परवान्यामुळे घराला जो भाव आला तो परवानाधारकाच्या श्रमाने आला नव्हता. तो समोरच्या पदपथाने, कोपऱ्यावरच्या चौकाने, चार पिढ्यांच्या करांनी आणि मोर्चांनी आणला होता. स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये कातालोनियाचा मूळ अध्यादेश वैध ठरविला, त्यामुळे महापालिकेच्या हाती अधिकार आहे. परवाने नोव्हेंबर २०२८ मध्ये संपावयाचे आहेत. महापालिकेची निवडणूक त्याआधी दीड वर्ष, मे २०२७ मध्ये आहे.